राईतले ऊन

दुसरी मोठी लढाई रंगात आली तशी पेट्रोल मिळेनासे झाले आणि पुण्याहून भोरला येणारी मोटार त्यावर चालेनाशी झाली. तिच्या पाठीला एक लोखंडी पिंप बसवले गेले. त्यात लाकडी कोळसा पेटवायचा, त्याचा गॅस इंजिनात जायचा आणि गाडी कशीबशी पुढे सरकायची. कात्रजच्या चढाला उतारू खाली उतरून तिला ढकलत. संध्याकाळी ती भोरच्या स्टँडवर येऊन उभी राहिली की क्लीनर लांब सळईने पिंप ढवळी, निखारे खाली पडत आणि आसपासच्या धोतरांवर काजळी बसे. तरी गावातली शहाणी माणसे रोज त्या धुरात उभी असत. त्यांचे कोणी गाडीतून येणार नसे. त्यांना मुंबईचे वर्तमानपत्र हवे असे, आणि त्याच्या शेवटच्या पानावरचा एक भाव.

तो भाव कोळशाच्या कंपनीच्या शेअरचा होता आणि ती कंपनी आमच्या भोरची होती. भोरची म्हणजे कागदोपत्री. इंग्रज मुलखात सरकारने नियम केला होता की नवी कंपनी काढून लोकांकडून भांडवल गोळा करायचे असेल तर आधी परवानगी घ्या. लोकांचा पैसा लढाईच्या कर्जरोख्यांकडे वळावा हा त्यामागचा हेतू. शिवाय नफ्यावर जादा कर होताच. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी नकाशा पसरला. भोरसारख्या संस्थानी मुलखात तो नियम लागत नव्हता. ज्यांना भोर कोणत्या दिशेला आहे हे ठाऊक नव्हते, त्यांना एकाएकी भोरचा उमाळा आला. बाजारपेठेत एक खोली भाड्याने घेतली गेली. खोली लहान आणि पाटी मोठी होती. आत एक टेबल, एक कारकून आणि लक्ष्मीची तसबीर. एवढ्यावर एक कंपनी उभी राहिली आणि तिचे शेअर मुंबईत विकले जाऊ लागले.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी होते. माझी अक्षरओळख पाठ्यपुस्तकांवर झाली नाही, पत्रकांवर झाली. काकांचा पुण्यात लहानसा छापखाना होता. शाई फाकलेली, वाकडी छापलेली पत्रके गठ्ठ्यांनी आमच्याकडे येत. आई ती डब्यांखाली पसरी, त्यांत मिरच्या बांधी. खादी वापरा, दारू सोडा, संघटित व्हा, हे सगळे मी डबे उचलून उचलून वाचले. वडील म्हणत, "हिच्या बोलण्यातली उद्गारचिन्हे काढली तर पोरगी शहाणी आहे." मला त्याचा राग येई. पुढे पुढे मी स्वतःच पत्रके लिहू लागले. लढाईत माणसे मरतात म्हणून ज्याचा भाव चढतो तो पैसा घरात आणू नये, असे माझे साधे मत होते. ते आजही आहे.

आणि तो पैसा आमच्याच घरात येत होता.

वडील जंगलखात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. सगळी नोकरी वेल्ह्याच्या डोंगरात पायी फिरण्यात गेली. कोणत्याही वाडीवर त्यांनी कधी कोंबडी घेतली नाही, तूप घेतले नाही, रात्र झाली तर स्वतःचे पीठ देऊन भाकरी करून घेतली. त्यामुळे तोरण्याखालच्या गावांत त्यांच्या बोलण्याला किंमत होती. कंपनीने त्यांना एजंट नेमले ते याचसाठी. डोंगरात झाडे कुठे आहेत हे कोणीही दाखवले असते. कंपनीला वडिलांचा शब्द हवा होता.

मुंबईचे एक गृहस्थ, कंपनीचे चालक, आमच्या ओसरीवर आले. पांढरे बूट, बोटात दोन अंगठ्या, बोलणे अगदी मऊ.

"भाऊसाहेब, रोख पैसे देऊन झाडे कोणीही घेईल. आपण त्या लोकांना मालक करू. झाडांच्या बदल्यात शेअर. दहाचा शेअर, पाच भरलेले धरू."

"आणि उरलेले पाच?" मी दारातून विचारले.

त्यांनी माझ्याकडे न बघता वडिलांना उत्तर दिले, "ते कंपनी मागेल तेव्हा भरायचे. मागायची वेळ येते कशाला? नफाच तेवढा आहे."

वडिलांनी आपल्या फंडाची रक्कमही त्याच कंपनीत घातली. मी भांडले. ते शांतपणे म्हणाले, "अगं, जन्मभर मी त्या लोकांना सांगितलं, हे तोडू नका, ते तोडू नका. आता एकदा त्यांना काही द्यायची संधी आली आहे." त्यांच्या मनात लबाडी नव्हती. नेमके तेच मला भयंकर वाटत होते. लबाड माणसावर त्या डोंगरात कोणी विश्वास ठेवला नसता.

त्या हिवाळ्यात मी त्यांच्याबरोबर वर गेले. वेल्ह्यापासून चढ चढून गेले की सोंडेवर एक गाव आहे. सगळी एकाच भावकीची घरे. गावाच्या बाजूने भावकीच्या मालकीचे रान होते आणि त्या रानाच्या मधोमध, जरा वर, आईची, म्हणजे गावदेवीची, राई. राईत कुऱ्हाड घालायची नाही, पडलेली फांदीसुद्धा उचलायची नाही. जांभूळ, अंजन, हिरडा, त्यांवर चढलेल्या मांडीएवढ्या वेली. भर दुपारी आत गेले तर आईच्या दगडावरचा शेंदूर दिसायला थोडा वेळ लागे. दगडाच्या पायथ्याशी झरा होता. चैत्रात खालच्या विहिरी आटल्या की सारे गाव त्या झऱ्यावर जगे.

मुंबईचे गृहस्थही त्या दिवशी डोलीतून वर आले होते. राईकडे बोट करून त्यांनी विचारले, "हे रान कोणाचं?"

"आईचं," गावचे पाटील म्हणाले.

"आईची सही चालेल," गृहस्थ म्हणाले आणि हसले. बाकी कोणी हसले नाही. मग वडिलांनी घाईने सांगितले की राई करारात नाही, फक्त बाजूचे रान. गृहस्थांनी मान डोलावली, पण उतरताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिले.

पाटलांच्या ओट्यावर व्यवहार झाला. सगळ्या भावकीच्या झाडांचा मिळून शेअरचा एकच कागद, पाटलांच्या नावाचा. जाड, गुळगुळीत, वर डोंगर आणि सूर्याचे चित्र, खाली लाल शिक्का. पाटील तो बराच वेळ न्याहाळत होते.

"भाऊसायेब, ह्ये नक्की काय म्हनायचं?"

"कंपनीत तुमचा वाटा. कंपनी आहे तोवर दरसाल नफ्यात हक्क."

"माज्यामागं पोरांना बी?"

"पोरांनाही."

"त्यांच्या पोरांना?"

"त्यांनाही."

पाटलांनी कागद कपाळाला लावला.

रान पडू लागले. लाकडे रचायची, वर पाला आणि माती लिंपायची, आत विस्तव सोडायचा आणि दिवसेंदिवस धुमसू द्यायचे. अशा भट्ट्या डोंगराच्या पाठीवर ठिकठिकाणी लागल्या. भोरला नदीच्या काठी उभे राहून पश्चिमेकडे पाहिले की निळ्या डोंगरावर पांढरे धागे दिसत. वारा तिकडचा असला की दोरीवरच्या लुगड्यांना वास येई. आणि स्टँडवर भाव चढे. दहाचा शेअर आधी दुप्पट झाला, मग त्याहून वर गेला.

स्टँडवर मी एकदा गावातल्या वकीलसाहेबांना म्हटले, "लढाई थांबली की पेट्रोल येईल. मग तुमच्या पिंपाला कोण विचारतो?"

"पोरी, जर्मन एवढ्यात हलत नाही," वकीलसाहेब म्हणाले. मग हळूच पुढे म्हणाले, "हलू नयेच."

शेजारचे शाळामास्तर म्हणाले, "अहो, परवाच्या प्रभातफेरीत पुढं तुम्हीच होतात ना?"

"होतो की. फेरी सकाळी असते. भाव संध्याकाळी येतो."

सगळे मनापासून हसले. त्यांतली निम्मी माणसे खादी नेसलेली होती. मी घरी येऊन त्या हसण्यावर एक पत्रक लिहिले आणि काकांकडे पाठवले. काकांनी कळवले की कागदाचा कोटा संपला आहे. सरकारने कागदावरही नियंत्रण आणले होते. आमच्या कंपनीच्या शेअरसाठी मात्र जाड, गुळगुळीत कागद कुठून तरी मिळत होता.

पुढच्या दसऱ्याला आम्ही वर गेलो तेव्हा पाटलांच्या देव्हाऱ्यात देवाच्या टाकाशेजारी तो लाल शिक्का दिसला. नुसता शिक्का. हळदकुंकवाने माखलेला, हाताच्या तळव्याएवढा तुकडा.

वडील वाकून पाहू लागले. "पाटील, बाकीचा कागद?"

"बाकीचा ज्याच्या त्याच्या घरी."

"म्हणजे?"

"वाटनी केली न्हवं. जिमिनीची व्हती तशी. इळ्याच्या पात्यानं, नीट पट्टी धरून. थोरल्या घराला शिक्का, मधल्या घरांना लिवणं, धाकल्याला वरचा डोंगूर."

धाकट्या घरची बाई उंबऱ्यातूनच म्हणाली, "आमाला डोंगूर! आदी काय कमी डोंगूर हायती हितं? शिक्का तेवडा ह्येंनी ठिवून घेतला."

"तुज्या डोंगरावर सूर्य हाय की," पाटील म्हणाले.

"सूर्य काय चुलीवर घालू?"

पाटील खो खो हसले. वडीलही आधी हसले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला आणि ते पायरीवर बसले. दरबारी मुलखातली ती माणसे. त्यांना शिक्क्याचा कागद एकच ठाऊक होता: सनद. सनद वंशाला मिळते, भावकीत वाटली जाते, तिची दसऱ्याला पूजा होते आणि ती कोणी विकत नाही. मुंबईत दिवसातून दोनदा हात बदलणारा कागद त्यांनी विळ्याने कापून देवाजवळ ठेवला होता.

मी तिथेच ओट्यावर उभी राहून सांगितले की हा कागद विका, आत्ता विका, भाव आहे तोवर विका. लढाई संपली की हा फुंकर मारल्यासारखा उडेल. पैसे घ्या, बैल घ्या, खाचरांना बांध घाला. चांगले भाषण झाले. उद्गारचिन्हे सगळी होती.

पाटील शेवटपर्यंत अदबीने ऐकत होते. मग म्हणाले, "ताई, देव्हाऱ्यातनं उठवून बाजारात न्हिऊ म्हनता? आन् तुमच्या वडलांनी दिल्याला?"

कंपनीच्या भोरच्या कचेरीत मी चौकशी केली. कारकून म्हणाला, फाटका कागद दुसऱ्याच्या नावावर चढत नाही. सगळे तुकडे, मुद्रांकाचे प्रतिज्ञापत्र आणि अर्ज मुंबईला पाठवा, मग बघतील. तुकडे द्यायला गावातले एकही घर तयार झाले नाही. वडिलांनीही जोर केला नाही. भाव चढताच होता. त्यांनी स्वतःचे शेअरही विकले नव्हते.

मग लढाई संपली. शाळेतल्या मुलांना पेढे वाटले, देवळात घंटा वाजवली. त्या संध्याकाळी स्टँडवर नेहमीचीच माणसे होती, पण कोणी कोणाशी बोलत नव्हते. पेढा हातात धरून वकीलसाहेब वर्तमानपत्राची वाट पाहत होते. मुंबईचा बाकीचा बाजार पुढे बराच काळ तेजीत राहिला. कापड, पोलाद सगळे वर जात होते. आमचाच कागद खाली येत राहिला. पेट्रोलच्या रेशनची कुपने थोडी सैल झाली होती, आणि पुढे आणखी होतील एवढी कुणकुण बाजाराला पुरली.

त्याच हिवाळ्यात सरकारने एका फटक्यात मोठ्या नोटा रद्द केल्या. काळ्या बाजारात साठलेला पैसा बाहेर काढायचा म्हणून. भोरमध्ये हजाराची नोट कोणी पाहिली होती की नाही शंकाच आहे, म्हणून आमच्याकडे लोकांनी त्याची थट्टा केली. मात्र कंपनीचे गृहस्थ त्या आठवड्यात भोरला आले ते वेगळेच दिसत होते. बूट तेच होते, पण धुळीने भरलेले. ओसरीवर न बसता उभ्या उभ्या म्हणाले, "भाऊसाहेब, हप्ता मागावा लागेल. शेअरमागे उरलेले पाच."

"वरची माणसं कुठून भरतील?"

"रोख नसेल तर लाकूड चालेल. ती राई आहे ना."

वडिलांचा हात खांबावर होता. तो तिथेच राहिला.

गृहस्थ गेल्यावर मी कंपनीची नियमावली वाचली आणि वकीलसाहेबांना विचारून खात्री केली. हप्ता भरला नाही तर शेअर जप्त होतील. त्यापुढे वसुलीसाठी कोर्टात जायची वाट कंपनीला होती, पण तोट्यातली कंपनी त्या सोंडेवर दावा लावायला येणार नाही असे त्यांचे मत पडले. म्हणजे मार्ग सोपा होता: भरू नका, कागद जाऊ द्या, राई ठेवा. हे गावाला पटवायचे एवढेच काम होते, आणि ते माझ्याने होणार नव्हते. ते वडिलांनी करायला हवे होते. त्यांच्या शब्दावर घेतलेला कागद त्यांच्याच शब्दावर सुटला असता.

"अप्पा, तुम्हीच सांगायला पाहिजे. हा कागद फुकट आहे म्हणून."

त्यांनी माझ्या हातातली नियमावली घेऊन मिटून ठेवली. मग म्हणाले, "माझ्या तोंडानं?"

"तुमच्याच."

पहाटे निघालो. वेल्ह्याच्या पुढे चढताना मी पहिल्यांदाच तो डोंगर उघडा पाहिला. बुंधे, राख, जळलेल्या मातीची काळी वर्तुळे. सावली म्हणून नव्हती. वर पोचलो तेव्हा सूर्य चांगला आला होता. भावकी राईच्या तोंडाशी जमली होती. कंपनीचा निरोप आमच्या आधी पोचला होता.

वडील उभे राहिले. त्यांनी पागोटे काढून हातात घेतले. गावकऱ्यांपुढे त्यांना बोडक्या डोक्याने मी कधी पाहिले नव्हते.

"मंडळी, मी चुकलो. तो कागद आता कवडीमोलाचा आहे. हप्ता भरू नका. तो जप्त झाला तर होऊ द्या. राईला हात लावू नका."

पाटील वडिलांकडे फार काळ पाहत राहिले. त्या नजरेतला आदर मावळताना मी पाहिला, आणि त्याची जागा ज्याने घेतली ते मला अपेक्षित नव्हते.

"भाऊसायेब," पाटील सावकाश म्हणाले, "कागूद फुकाटचा झाला, तर मुंबैवाला त्यो जप्त कराया का बगतोय?"

पाटलांनी भावकीकडे वळून पाहिले.

"फुकाटची वस्तू कुनी वडून घेत न्हाई. आमचं सोडून दिऊ, मग त्यो कुनाच्या नावावर व्हनार?"

मागून धाकट्या घरची बाई म्हणाली, "एजंटाच्या." ती ओरडली नाही. साधेपणाने म्हणाली, आपण पाऊस येणार म्हणतो तशी.

मी पुढे झाले, बोलू लागले, बाजार, पेट्रोल, नफा, तोटा. पाटलांनी हात वर केला. "ताई, तुमी इका म्हनत व्हता. आता टाका म्हनता. आमी आईलाच इचारतो."

मग कौल लावला. फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून आईच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या. आईची उजवी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. प्रश्न पाटलांनी मोठ्याने विचारला: "तुजी झाडं दिऊन कागूद राखावा का?"

आई उत्तरेकडे तोंड करून आहे. तिचा उजवा हात पूर्वेला येतो. जुन्या काळी तिथे अंधारच असे. दोन्ही पाकळ्या सारख्याच ओल्या राहत आणि माणसे तासन्‌तास बसून असत. पण पूर्वेकडचे मालकीचे रान तुटले होते. तिथून ऊन आडवे आत आले होते आणि बरोबर आईच्या उजव्या खांद्यावर पडले होते. शेंदूर चमकत होता. मी त्या पाकळीची कड वळताना पाहिली. तिच्याखालचे पाणी आटत होते. डावी सावलीत ओली होती.

मी ओरडून सांगितले, "ऊन आहे ते! उन्हानं सुकतेय!"

"आईच्या अंगावर ऊन बी आईच पाडती," कोणीतरी म्हणाले.

उजवी पाकळी गळली. वडिलांनी पागोटे डोक्यावर ठेवले आणि एकटेच उतरू लागले.

राई पडायला फार दिवस लागले नाहीत. दर उतरला होता तरी फुकटच्या लाकडाचा कोळसा कंपनीला परवडत होता, निदान भट्टी लावेपर्यंत. भोरहून धूर दिसत होता, आधीच्यापेक्षा काळा. ओली लाकडे तशीच जळतात. वडील त्या दिवसांत ओसरीवर पूर्वेकडे तोंड करून बसत. भट्ट्या उकलल्या त्या सुमारास पुण्याची मोटार पिंपाशिवाय आली. मागची बाजू नव्याने रंगवलेली होती. स्टँडवर तिला पाहायला चार माणसेही नव्हती, कारण भाव छापून येणे आधीच बंद झाले होते. आईच्या राईचा कोळसा वेल्ह्याच्या रस्त्याकडेला पोत्यांत पडून राहिला. वाहतुकीचा खर्चही निघेना. पावसात पोती कुजली आणि काळे पाणी ओहोळाला मिळाले. बाजारपेठेतली मोठी पाटी कोणी काढली ते कळले नाही. एके सकाळी ती नव्हती. वडिलांचा फंड तिच्याबरोबर गेला.

यंदा चैत्रात मी वर जाऊन आले. आईचा दगड उघड्या माळावर उभा आहे. झऱ्याच्या जागी ओलसर माती होती, तीत बोट घातले तर वरचे पेर भिजले. बायका खाली ओढ्याला जाऊन उतरत्या-चढत्या वाटेने पाणी आणतात.

धाकट्या घरची बाई मला वाटेत भेटली. तिने हंडा खाली ठेवला आणि मला घरात नेले. देव्हाऱ्यात डोंगर आणि सूर्याचा तुकडा होता. त्यावर त्या दिवशीचे ताजे कुंकू होते.

"औंदा नफा यील न्हवं?" तिने विचारले.

मी तिच्याबरोबर परत वाटेवर, हंड्यापाशी आले.

तिने पदर सावरला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि हंडा उचलायला वाकली. "भाऊसायेबांना सांगा," ती म्हणाली, "आमी हप्ता भरलाय. आमच्याकडं काय बाकी न्हाई."